मंद आवाजातील हाय-फाय श्रवण
घरातील संगीतयंत्रणा बोलण्याच्या पातळीवर किंवा त्याहूनही हळू, म्हणजे कानापाशी साधारण ५० ते ६५ डेसिबल, वाजत असतानाही गाणे भरीव आणि तोलात ऐकू यावे यासाठी केलेली मांडणी व जुळवणी. कोल्हापुरात ही गरज रोजची आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत घराला घर लागून, बऱ्याचदा मधली भिंत सामाईक. राजारामपुरी आणि ताराबाई पार्कातल्या अपार्टमेंटमध्ये वर-खाली स्लॅब तेवढा आड. निवांत ऐकायला वेळ मिळतो तो जेवणे आटोपल्यावर. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात निवासी भागातल्या परिसराच्या आवाजाला ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गणेशोत्सवात डॉल्बीच्या भिंतीपुढे नाचणारा शेजारी एरवी रात्री साडेदहाला पलीकडच्या ठेक्यावर हरकत घेतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

आवाज कमी केला की गाणे पिचके वाटू लागते. दोष स्पीकरच्या माथी येतो आणि नवे स्पीकर घरात येतात. कारण मात्र कानात आहे. बेल लॅबोरेटरीजमधील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये समश्राव्यतेचे वक्र, म्हणजे वेगवेगळे स्वर सारखेच मोठे वाटण्यासाठी प्रत्येकाला किती डेसिबल लागतात याचे आलेख, मांडले; त्यांची सुधारित रूपे आज आयएसओ २२६ या मानकात आहेत. त्यांनुसार १००० हर्ट्झचा स्वर ८० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटण्यासाठी १०० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ९२ डेसिबल लागतात. तोच १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलवर आणला, तर १०० हर्ट्झला लागतात सुमारे ६४. म्हणजे बटण फिरवून सगळा आवाज सारखाच ४० डेसिबलने उतरवला, तरी कानाच्या हिशेबात खर्ज आणखी १२ डेसिबल खाली जातो. पन्नास हर्ट्झच्या आसपास ही तूट याहूनही मोठी असते.

शास्त्रीय संगीतात ही तूट फार चमत्कारिक रीतीने ऐकू येते. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) गाणाऱ्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. हळू आवाजात हा मूळ स्वर जवळजवळ नाहीसा होतो, तरी तानपुरा जात नाही. जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून उठणाऱ्या झंकारामुळे, त्या तारेतून वरच्या स्वयंभू स्वरांची (मूळ स्वराच्या पटींतल्या उपस्वरांची) रांग निघते, ती कानाला नीट पोचते आणि मेंदू खालचा स्वर स्वतः भरून काढतो. डग्ग्याला, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याला, ही सवलत नाही. त्याचा घुमार बहुतांशी खालच्याच कंपनांत असतो. तो गेला की तबल्याची नुसती टकटक उरते. छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारी गायक असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांनी घडवलेली जयपूर-अत्रौली गायकी लयीला घट्ट बांधलेली. तिथे डग्गा हरवला की समेचे वजनच जाते. उलट प्रभात कंपनीने १९३२ मध्ये कोल्हापुरात काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’च्या काळातल्या गाण्यांत मुळातच खोल खर्ज फारसा नाही, ती हळू आवाजातही जवळपास जशीच्या तशी राहतात.

दुसरी अडचण खोलीतल्या गोंगाटाची. छताचा पंखा जोरात असेल तर तो एकटाच ४५–५० डेसिबलपर्यंत जातो. त्याच्या खाली आलापाचे शेवट, मींडेची शेपटी, दोन स्वरांमधली शांतता सगळे बुडून जाते. श्रोता आवाज वाढवतो, तेही बहुधा पंख्यावर मात करण्यासाठी. पंखा एक-दोन घर खाली आणणे हा पैसे न लागणारा आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे. तो सुचवला की लोक हिरमुसतात, कारण त्यात काही विकत घ्यायचे नसते. जुन्या वाड्यांच्या जाड मातीच्या भिंती बाहेरची रहदारी बऱ्यापैकी अडवतात. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली मात्र इलाज नाही. तेव्हा हेडफोन लावावा.

मग अंतर. तीन मीटरवरून स्पीकर सव्वा मीटरवर आणला तर मोकळ्या जागेत सुमारे साडेसात डेसिबल मिळतात. बंद खोलीत त्याहून कमी, पण थेट येणाऱ्या आवाजाचा वाटा वाढल्याने शब्द आणि हरकती स्पष्ट होतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला आवाज जवळपास पूर्वीइतकाच राहतो. स्पीकर भिंतीपासून दूर ठेवा हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला मोठ्या आवाजासाठी ठीक आहे. मंद ऐकताना ते भिंतीजवळ सरकवावेत. भिंतीमुळे खालच्या स्वरांना सहा डेसिबलपर्यंत आधार मिळतो, आणि नेमकी त्याचीच वाण असते.

उरलेली तूट भरण्यासाठी जुन्या अॅम्प्लिफायरवर लाउडनेसचे बटण असे. ते ठरावीक खर्ज वाढवते, पण कानापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोचतो हे त्याला कळत नाही, त्यामुळे कुठे कमी पडते तर कुठे ढोल बडवल्यासारखे होते. यामाहाच्या काही अॅम्प्लिफायरवरील फिरता लाउडनेस अधिक शहाणा: आधी मुख्य बटणाने ऐकायचा सर्वांत मोठा आवाज ठरवायचा, मग लाउडनेस फिरवत मधले स्वर खाली आणायचे. दोन्ही नसतील तर बेसचे साधे बटण चार-सहा डेसिबल वर करावे. स्वरनियंत्रणाला हात लावणे म्हणजे बाटणे, असे मानणारे शौकीन आहेत; रात्री अकराला ते जे ऐकतात त्यात डग्गा नसतो.

यंत्राकडून दोन खोड्या होतात. बटण शून्यातून जेमतेम उचलले की गायक मधोमध न राहता एका स्पीकरकडे सरकतो; आणखी थोडे फिरवले की जागेवर येतो. पॉटमधल्या, म्हणजे बटणामागच्या फिरत्या रोधकातल्या, डाव्या-उजव्या पट्ट्या सुरुवातीच्या भागात नीट जुळलेल्या नसतात, हे त्याचे कारण. फोन किंवा डॅकचा (डिजिटल संगीताचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या यंत्राचा) आवाज दहा-पंधरा डेसिबल कमी केला की बटण मधल्या भागात येते आणि प्रश्न मिटतो. दुसरी खोडी कमी बायसवर (ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणाऱ्या स्थिर प्रवाहावर) चालणाऱ्या एबी वर्गाच्या, म्हणजे लहरीचे दोन अर्धे दोन ट्रान्झिस्टरांत वाटून देणाऱ्या, अॅम्प्लिफायरची. ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या (एका वॉटला एक मीटरवर तेवढा आवाज देणाऱ्या) स्पीकरला एक मीटरवर ६५ डेसिबलसाठी जेमतेम सहा मिलिवॉट लागतात. इतक्या कमी शक्तीला दोन ट्रान्झिस्टरांच्या सांध्यावरची विकृती प्रमाणात मोठी होते आणि आवाज खरखरीत लागतो. शंभर वॉटच्या जाहिरातीने इथे काहीही सिद्ध होत नाही.

खर्ज वाढवला म्हणजे शेजाऱ्याची झोप उडेल, ही भीती मंद पातळीवर बरीचशी अनाठायी आहे. त्याचा कानही त्याच वक्रांना बांधलेला: अगदी शांततेतही १०० हर्ट्झचा स्वर जाणवायला सुमारे २६ डेसिबल लागतात, आणि भिंत ओलांडून तेवढे उरणे कठीण. अपवाद स्पीकर सामाईक भिंतीतल्या फडताळात ठेवण्याचा. तिथे हवेऐवजी लाकूड आणि भिंतच थरथरून आवाज पलीकडे नेतात. स्पीकर जमिनीवरच्या स्टँडवर, खाली रबर घालून ठेवावा.