मुंबईचा प्लेग: माणसांच्या झडतीपासून उंदरांच्या नोंदीपर्यंत

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतले प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले. गोदी हाकेच्या अंतरावर, खाली धान्याच्या वखारी आणि वर दाटीवाटीने राहणारी माणसे. उंदरांना याहून सोयीची वस्ती कुठली मिळणार? सरकारने मात्र रोग माणसांत आणि घाणीत शोधला. 1897 च्या साथरोग कायद्याच्या जोरावर घरांच्या झडत्या सुरू झाल्या. स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून प्लेगमुळे काखेत, जांघेत येणाऱ्या गाठी तपासल्या जात, संशयितांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेले जाई. घरांची कौले काढून आत ऊन घेत. इस्पितळाची धास्ती तर कायद्याआधीचीच: ऑक्टोबर 1896 मध्येच गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले होते. मार्च 1898 मध्ये शहरात दंगल उसळली. लोक रुग्ण लपवू लागले. पाळत जितकी कडक, तितकी नोंद खोटी.

उंदरावरची पिसू प्लेग पसरवते, असे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून मांडले. फारसे कुणी मनावर घेतले नाही. पुढे राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगने मेले, तेव्हा प्लेगवर संशोधन करणारे ब्रिटिश डॉक्टर ग्लेन लिस्टन यांना त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या.

1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने, म्हणजे प्लेगच्या तपासासाठी नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने, हा धागा पक्का केला. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडले. पिसवा त्यांच्यावर चढत आणि ते मरत. शहरभरातून पकडलेले उंदीर कुठे सापडले याची नोंद ठेवून चिरून तपासले जात. त्यातून साथीचा क्रम दिसला: आधी गटारातला तपकिरी उंदीर, मग घरातला काळा उंदीर आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी माणूस. घरात उंदीर मरून पडला की जागा सोडायची, हे अनेक गावांतले लोक आधीपासूनच करत होते. आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला.

उंदीर मारून संपले नाहीत. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी तयार केलेली प्लेगची लस होती, पण 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने दगावल्यावर तिच्यावरचा विश्वास डळमळला होता. कमिशनच्या कामातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला थेट सहसा लागत नाही. रुग्णाच्या ज्या नातेवाइकांना सक्तीने छावणीत नेले, त्यांच्यापासून इतरांना फारसा धोका नव्हताच.