लॅटिनचा आधुनिक वापर

लॅटिन ही आज कोणाचीही मातृभाषा नाही. रोमन साम्राज्य विस्कटल्यावर लोकांच्या तोंडची लॅटिन बदलत बदलत इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रुमानियन झाली. पोथ्यांतली लॅटिन मात्र होती तिथेच राहिली आणि चर्च, विद्यापीठे व दरबार यांची सामाईक भाषा म्हणून पुढे हजारावर वर्षे चालली. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ (१६८७) तिच्यातच लिहिला, हंगेरीत तर १८४४ पर्यंत ती राजभाषा होती. ‘मृत भाषा’ म्हणून तिची बोळवण होते खरी, पण तिचा आजचा बराचसा उपयोग या मृतपणामुळेच आहे. तिच्यातल्या शब्दांचे अर्थ आता फारसे सरकत नाहीत, आणि ती कोणा एका देशाच्या मालकीची नाही.

जीवशास्त्रात हे सर्वांत स्पष्ट दिसते. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस याने वनस्पतींसाठी १७५३ मध्ये आणि प्राण्यांसाठी १७५८ मध्ये रूढ केलेली दोनशब्दी नावे आजही चालतात. चिमणीला प्रत्येक भाषेत वेगळे नाव असले, तरी शास्त्रात ती ‘पासेर डोमेस्टिकस’. यातली कित्येक नावे मुळात ग्रीक शब्दांवरून किंवा माणसांच्या आडनावांवरून आलेली असतात. अंगावर प्रत्यय मात्र लॅटिन चढतो, आणि प्रत्ययाबरोबर व्याकरणही येते. दुसरा शब्द विशेषण असेल, तर त्याचे लिंग पहिल्याशी जुळले पाहिजे. ओक वृक्षाची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) ‘क्वेर्कस’ दिसायला पुल्लिंगी वाटते, पण लॅटिनमध्ये झाडे बहुधा स्त्रीलिंगी, म्हणून पांढरा ओक ‘क्वेर्कस आल्बा’ होतो, ‘आल्बस’ नव्हे. जाती एका प्रजातीतून दुसरीत हलवली, की कधी कधी शेपटीही बदलावी लागते. वनस्पतिशास्त्रज्ञांचा जाच याहून मोठा होता. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचे नाव ग्राह्य धरले जाण्यासाठी सोबत लॅटिन वर्णन किंवा तिचे वेगळेपण दाखवणारी लक्षणे देणे सर्वसाधारणपणे सक्तीचे होते. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालते. प्राणिशास्त्राने अशी अट कधी घातली नाही.

वैद्यकात शरीररचनेची आंतरराष्ट्रीय परिभाषा लॅटिन आहे. पण रुग्णाच्या हाती ही भाषा पडते ती औषधाच्या चिठ्ठीवर. ‘बीडी’ म्हणजे ‘बिस इन डिए’, दिवसातून दोनदा. ‘एचएस’ म्हणजे ‘होरा सोम्नी’, झोपण्याच्या वेळी. ‘एसओएस’ पाहून घाबरण्याचे कारण नाही. जहाजांच्या संकट-संदेशाशी त्याचा संबंध नसून ते ‘सी ओपुस सिट’, म्हणजे गरज पडल्यास, याचे आद्याक्षर आहे. घाईच्या अक्षरात अशी लघुरूपे चुकीची वाचली जातात, म्हणून आता सूचना सरळ भाषेत लिहिण्याकडे कल आहे. रसायनशास्त्रातली सोन्याची, चांदीची, लोखंडाची चिन्हे लॅटिन नावांवरूनच आली. शिशाच्या ‘प्लंबम’ या नावातून तर चिन्हाबरोबर प्लंबरही मिळाला.

कायद्यात ‘हेबिअस कॉर्पस’ (अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश), ‘अल्ट्रा व्हायरीस’ (अधिकाराबाहेरचे), ‘प्रायमा फेसी’ (सकृद्दर्शनी) ही नाणी अजून खणखणीत आहेत. इंग्लंडने मात्र १९९९ च्या नव्या दिवाणी प्रक्रिया नियमांत ‘एक्स पार्टे’ (एकतर्फी) यासारखे शब्द काढून साधी इंग्रजी आणली. ब्रीदवाक्ये आणि अधिकृत नावे यांचा मामला निराळा. बहुभाषिक समूहात कोणाची भाषा घ्यावी हा तंटा लॅटिन सहज मिटवते. चार राष्ट्रीय भाषांच्या स्वित्झर्लंडचे ‘सीएच’ हे संक्षिप्त चिन्ह ‘कॉन्फेडेरात्सिओ हेल्वेटिका’ या नावावरून आले आहे.

कामकाजाची भाषा म्हणून लॅटिनचा सर्वांत मोठा आधार रोमन कॅथलिक चर्च. व्हॅटिकन नगरराज्याचे कायदे इटालियनमध्ये असतात, पण पोपच्या धर्मपीठाची अधिकृत भाषा लॅटिन आहे. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषांतील उपासनेला वाट मोकळी केली आणि सामान्य भाविकाच्या कानावरून लॅटिन जवळजवळ गेली. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी पदत्यागाची घोषणा लॅटिनमध्ये केली, तेव्हा ती कळून जगाला पहिली बातमी देणारी एका इटालियन वृत्तसंस्थेची वार्ताहर होती. तिला लॅटिन येत होते. पुढे अभ्यासकांना त्या मजकुरातही विभक्तीच्या चुका सापडल्या. ‘मिनिस्टेरिओ’ या शब्दाशी ‘कोमिस्सो’ जुळायला हवे होते, तिथे ‘कोमिस्सुम’ पडले होते. नंतर ते सुधारले गेले.

चर्चबाहेरही हौशी मंडळी आहेत. फिनलंडच्या सरकारी नभोवाणीने १९८९ ते २०१९ अशी तीस वर्षे लॅटिन बातम्या दिल्या. लॅटिन विकिपीडियावर एक लाखाहून अधिक लेख आहेत. संगणकाला ‘कोम्पुटात्रुम’, आंतरजालाला ‘इंटेर्रेटे’ असे शब्द घडवून वापरात आले आहेत. भांडण होते ते उच्चारावर. अभ्यासकांनी पुनर्रचित केलेल्या प्राचीन उच्चारात प्रसिद्ध वक्ता ‘किकेरो’ होतो, चर्चच्या उच्चारात ‘चिचेरो’, आणि इंग्रजीच्या सवयीने आपण म्हणतो तो ‘सिसेरो’ या दोघांनाही मान्य नाही.