बी. फार्मसी प्रवेश : गुण असूनही अर्ज अडतो तो कुठे?

महाराष्ट्रात बी. फार्मसीच्या पहिल्या वर्षाची पात्रता तशी साधी आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित किंवा जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, तर राज्यातील राखीव प्रवर्गांना 40 टक्के गुण लागतात. सोबत एमएचटी-सीईटी किंवा नीट ही प्रवेश परीक्षा. सीईटी गणिताच्या गटातून दिली तरी चालते. नोंदणी आणि पर्याय भरणे ही कामे सूचना नीट वाचल्यास कोणालाही जमतात.

राखीव जागेचा अर्ज बहुधा जात पडताळणी प्रमाणपत्रापाशी अडतो. नुसता जातीचा दाखला पुरत नाही. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा, जातीची नोंद असलेला पुरावा समिती मागते. म्हणजे आजोबांचा शाळेतील प्रवेश-निर्गम उतारा. ज्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही त्यांचा उतारा आणायचा कुठून, हे खिडकीवर कोणी सांगत नाही. अशा वेळी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, शोधावी. चुलते किंवा आत्या यांपैकी कोणाकडे जात पडताळणीचे वैधता प्रमाणपत्र असल्यास तेही वंशावळीच्या शपथपत्रासह जोडावे. आजोबांचे नाव एका कागदावर ‘रामा’ आणि दुसऱ्यावर ‘रामचंद्र’ असेल, तर त्याचा खुलासा आधीच द्यावा, नाहीतर त्रुटीपत्र येते आणि महिने जातात. म्हणून पडताळणीचा अर्ज महाविद्यालयामार्फत अकरावी-बारावीतच करावा. निकालानंतर धावपळ करणाऱ्यांचे हाल दरवर्षी पाहवत नाहीत.

नॉन-क्रीमीलेअरच्या, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याच्या मुदतीत हमखास गफलत होते. प्रवेश 2026-27 चा असेल, तर प्रमाणपत्र 31 मार्च 2027 पर्यंत वैध हवे. जानेवारीत काढलेला, 31 मार्च 2026 ला संपणारा दाखला जूनमध्ये निरुपयोगी ठरतो, मग त्यावरची शाई कितीही ताजी असो. पालकांचे शेतीचे व पगाराचे उत्पन्न यात धरले जात नाही, हे माहीत नसल्याने काही पात्र कुटुंबे अर्जच करत नाहीत.

आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला राज्य शासनाच्याच नमुन्यात घ्यावा. केंद्राच्या नमुन्यातील चालत नाही. तात्पुरत्या गुणवत्ता यादीत प्रवर्ग चुकीचा दिसल्यास हरकतीच्या मुदतीतच दुरुस्ती मागावी, कारण अंतिम यादी लागल्यावर कोणी दाद देत नाही. पर्याय भरताना त्या महाविद्यालयाला भारतीय औषधनिर्माण परिषदेची चालू वर्षाची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. मान्यता नसलेल्या ठिकाणच्या पदवीवर पुढे फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही.