४७ दिवसांच्या सर्टिफिकेटमागची ओढाताण

साइट खरोखर त्याच डोमेनची आहे हे ब्राउझरला पटवतं ते सर्टिफिकेट. सर्टिफिकेट देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या मंचावर एप्रिल २०२५ मध्ये मतदान झालं आणि या सर्टिफिकेटची मुदत टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. तोवर कमाल मुदत ३९८ दिवसांची होती. ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. साइट सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांना हे अचानक डोक्यावर पडल्यासारखं वाटलं, पण हा वाद निदान २०१७ पासून धुमसतो आहे.

आधी नावाचा गुंता. होस्टिंग पॅनेलवर आजही ‘एसएसएल सर्टिफिकेट’ असंच लिहिलेलं असतं. एसएसएल म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं गुप्त ठेवणारा प्रोटोकॉल. त्याची शेवटची आवृत्ती, ३.०, १९९६ ची. १९९९ मध्ये तिच्यात थोड्याच सुधारणा होऊन टीएलएस १.० आलं. एका ब्राउझर कंपनीच्या प्रोटोकॉलवर नुसता शिक्का मारला असं दिसू नये, हे नाव बदलण्यामागचं एक कारण होतं. दोन यंत्रांच्या आपसातल्या बोलण्यात मात्र त्याचा क्रमांक ३.१ असाच राहिला. २०१४ मध्ये एसएसएल ३.० मधली त्रुटी वापरणारा ‘पूडल’ हल्ला उघड झाला आणि २०१५ मध्ये एसएसएल ३.० अधिकृतपणे बाद ठरलं. सर्टिफिकेट स्वतः एक्स.५०९ नावाच्या वेगळ्याच मानकाप्रमाणे बनतं, आणि ते मानक १९८८ चं, म्हणजे वेबच्याही आधीचं. त्यामुळे ‘एसएसएलवरून टीएलएसवर जायचं म्हणजे सर्टिफिकेट बदलावं लागेल का’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. बदल सर्व्हरच्या सेटिंगमध्ये करायचा असतो.

सुरुवातीच्या काळात एचटीटीपीएस हवं तर साइटला स्वतंत्र आयपी पत्ता घ्यावा लागे, कारण ब्राउझर कोणतं डोमेन मागतोय हे सर्व्हरला कळायच्या आधीच त्याला सर्टिफिकेट पुढे करावं लागत होतं. २००३ मध्ये एसएनआयची, म्हणजे ब्राउझरने डोमेनचं नाव आधीच सांगण्याची, तरतूद झाली आणि एका पत्त्यावर अनेक सर्टिफिकेटं ठेवणं शक्य झालं. पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला एसएनआय कधीच समजलं नाही. एक्सपीचा आधार २०१४ मध्ये थांबेपर्यंत एका सर्व्हरवर अनेक साइट ठेवणारे शेअर्ड होस्टिंगवाले बिचकतच राहिले. डिसेंबर २०१५ मध्ये फुकट सर्टिफिकेटं सगळ्यांसाठी खुली झाली. त्यांची मुदत पहिल्यापासूनच ९० दिवसांची होती, आणि रिन्यू करण्याचं काम माणसाने नव्हे तर स्क्रिप्टने करावं असा त्यामागे स्पष्ट हेतू होता. आजच्या निर्णयाचं मूळ मला तिथेच दिसतं.

आता मुदतीची मुख्य लढाई. २०१२ च्या नियमांत कमाल मर्यादा ६० महिन्यांची होती. २०१५ मध्ये ती ३९ महिन्यांवर आली. २०१७ मध्ये ३९८ दिवसांचा प्रस्ताव आला, तो पडला. तडजोड म्हणून ८२५ दिवस ठरले आणि मार्च २०१८ पासून लागू झाले. २०१९ मध्ये तोच प्रस्ताव पुन्हा मांडला गेला. मतदान करणारे दोन गट असतात, सर्टिफिकेट देणारे आणि ब्राउझर बनवणारे. प्रस्ताव मंजूर व्हायला दोन्हीकडून होकार लागतो. ब्राउझरवाले एकमुखाने बाजूने होते, देणाऱ्यांपैकी बहुसंख्य विरोधात. प्रस्ताव पुन्हा पडला.

खरं वळण आलं ते फेब्रुवारी २०२० मध्ये. एका ब्राउझर कंपनीने परस्पर जाहीर केलं की १ सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवसांहून मोठं नवं सर्टिफिकेट आपण मानणारच नाही. इतर ब्राउझर मागोमाग आले. ज्या सर्टिफिकेटला मोठा ब्राउझर ओळखत नाही, ते विकून उपयोग काय? मतदानात हरलेली गोष्ट अशी वर्षभराच्या आत जगभर लागू झाली. त्या पद्धतीबद्दलचा राग मला पटतो. नियम ठरवायला एक मंच असताना तो बाजूला सारला गेला. २०२५ मध्ये ४७ दिवसांच्या प्रस्तावाविरुद्ध एकही मत पडलं नाही, देणाऱ्यांपैकी पाच जण तटस्थ राहिले. या शांततेला २०२० च्या अनुभवाची पार्श्वभूमी आहे, असं माझं मत.

तरीही ब्राउझरवाल्यांचा मूळ मुद्दा बिनतोड आहे. सर्टिफिकेट रद्द करण्याची यंत्रणा कागदावर आहे, प्रत्यक्षात ती लंगडी आहे. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या एका सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीत घुसखोरी झाली, ५०० हून अधिक बनावट सर्टिफिकेटं निघाली आणि इराणमधल्या लोकांचे ईमेल त्यातून वाचले गेले. २०१४ च्या हार्टब्लीड या त्रुटीमुळे, ज्यांच्या बळावर सर्व्हर आपली ओळख पटवतो त्या खाजगी किल्ल्या गळण्याचा धोका उघड झाला आणि सर्टिफिकेटं ढिगाने रद्द करावी लागली. पण रद्द झालं की नाही हे विचारायला ब्राउझर गेला आणि उत्तर आलं नाही, तर तो बहुधा ‘ठीक आहे’ असं धरूनच पुढे जातो. अशा वेळी चोरलेल्या किल्लीला आवर घालणारी भरवशाची गोष्ट उरते ती म्हणजे मुदत संपणं.

४७ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचा हिशेब साधा आहे: मोठ्या महिन्याचे ३१ दिवस, अर्ध्या महिन्याचे १५ आणि सवलतीचा एक. महिन्यातून एकदा रिन्यू करा, थोडा चुकीला वाव ठेवा, एवढंच.

फोनकडे पाहिलं तर चित्र वेगळं आहे, कारण तिथे अडचण मूळ सर्टिफिकेटांच्या, म्हणजे ज्यांच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटं मानली जातात त्यांच्या, यादीची. अँड्रॉइडमध्ये ही यादी वर्षानुवर्षं सिस्टिमसोबतच अपडेट होत असे, आणि जुन्या फोनला सिस्टिम अपडेट येत नाहीत. फुकट सर्टिफिकेटं ज्या जुन्या मूळ सर्टिफिकेटच्या आधारावर उभी होती, ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपणार होतं. ७.१.१ च्या आधीचे अँड्रॉइड फोन त्यात अडकले असते. मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली तरी अँड्रॉइड ती तारीख तपासत नाही, हे हेरून मार्ग काढला गेला. माझ्या दृष्टीने वेबच्या इतिहासातली ही सर्वांत कनवाळू तांत्रिक युक्ती आहे. लाखो जुने फोन त्यामुळे चालू राहिले. ज्या अ‍ॅपमध्ये विशिष्ट सर्टिफिकेट ‘पिन’ करून ठेवलेलं असतं, म्हणजे तेवढंच एक मानायचं असं ठरवलेलं असतं, त्यांना मात्र आता जपावं लागेल, कारण दर महिन्याला बदलणारी गोष्ट पिन करता येत नाही. लॅपटॉपवर हाच तारखेचा प्रश्न घड्याळाच्या बाजूने येतो. मदरबोर्डवरचा सेल मेला की तारीख मागे जाते आणि ब्राउझर धडधाकट साइटलाही ‘सर्टिफिकेट वैध नाही’ म्हणतो. मुदत जितकी आखूड, तितकं चुकलेलं घड्याळ लवकर नडणार.

एका तरतुदीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. २०२९ पासून डोमेन तुमचंच आहे ही पडताळणी फक्त १० दिवस पुन्हा वापरता येईल. म्हणजे दर रिन्यूला नव्याने सिद्ध करणं आलं. जिथे साइटच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवून हे जमतं, तिथे स्क्रिप्ट पुरेल. एका डोमेनच्या सगळ्या उपडोमेनना चालणाऱ्या वाइल्डकार्ड सर्टिफिकेटला मात्र डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, नोंद करावी लागते, आणि जिथे ती नोंद पॅनेल उघडून हातानेच करावी लागते, तिथे मोठं काम बाकी आहे. त्या साइटवाल्यांनी डीएनएस दुसरीकडे हलवायची तयारी आतापासूनच ठेवावी.