कच्चा स्टार्च फोडणारी बुरशी

कच्चा स्टार्च थंड पाण्यात कितीही ढवळा, तो विरघळत नाही. थोड्या वेळात पांढरा साका तळाशी बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्यात नुसते कण दिसतात. मक्याचा कण साधारण 5 ते 20 मायक्रोमीटरचा, बटाट्याचा 100 पर्यंतही जातो. आत ग्लुकोजच्या साखळ्या एकमेकींना पीळ घालून इतक्या दाटीने बसलेल्या असतात, की विकरांना, म्हणजे त्या साखळ्या तोडणाऱ्या एन्झाइमांना, शिरायला वाव मिळत नाही.

स्टार्चपासून ग्लुकोज किंवा इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांचा त्यावरचा जुना उपाय म्हणजे उष्णता. 62 ते 72 अंश सेल्सिअसच्या दरम्यान मक्याचे कण फुगून फुटतात आणि घट्ट खळ तयार होते. ती पातळ करायला सुमारे 105 अंशांची वाफ आणि उष्णता सोसणारं, जिवाणूंपासून मिळवलेलं अल्फा-अमायलेज हे विकर लागतं. मग ग्लुकोज मिळवण्यासाठी सगळं 60 अंशांवर आणायचं, आणि इथेनॉल हवं असेल तर यीस्टसाठी आणखी निववायचं. तापवण्यातही ऊर्जा जाते आणि निववण्यातही.

अस्परजिलस नायजर ही काळी बुरशी मात्र कच्च्या कणांवरच ताव मारते. तिचं ग्लुकोअमायलेज हे विकर साखळीच्या टोकापासून एकेक ग्लुकोज तोडत जातं. या विकराचे दोन भाग असतात. मोठा भाग तोडण्याचं काम करतो. सुमारे शंभर अमिनो आम्लांचा छोटा भाग काहीच तोडत नाही, तो फक्त स्टार्चला चिकटून राहतो. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हा छोटा भागच वाटतो. याच बुरशीत ग्लुकोअमायलेजचं एक आखूड रूपही सापडतं, ज्यात तो नसतो. शिजवलेल्या स्टार्चवर ते उत्तम चालतं, पण कच्च्या कणांपुढे फार मागे पडतं. नुसती धार असून भागत नाही, पकडही लागते.

विकरांमुळे होणारी कणांची झीज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसते. मक्याच्या कणांवर मुळातच बारीक छिद्रं असतात. विकरं ती रुंदावत आत उतरतात आणि कण आतून पोखरून काढतात. बटाट्याचा कण मोठा, गुळगुळीत, बिनछिद्रांचा आणि आतल्या रचनेतही वेगळा. तो सहजासहजी दाद देत नाही.

इथेनॉलसाठी आता दळलेलं धान्य, बुरशीची विकरं आणि यीस्ट एकाच टाकीत, तिशीच्या आसपासच्या तापमानाला ठेवण्याची पद्धत वापरात आली आहे. सुटलेलं ग्लुकोज यीस्ट लगेच फस्त करतं, त्यामुळे ते साचून विकराचा वेग मंदावत नाही. अर्थात हे फुकट मिळत नाही. विकर जास्त लागतं, आणि उकळी नसल्याने नको ते जिवाणूही जिवंत राहतात. म्हणून मिश्रण आम्लधर्मी ठेवतात; बुरशीच्या ग्लुकोअमायलेजला तेच मानवतं.

2014 मध्ये न्यूरोस्पोरा या बुरशीतलं आणखी एक हत्यार उजेडात आलं. तांबं असलेलं हे विकर ऑक्सिडीकरण करून साखळी मधेच तोडतं, कणाच्या घट्ट भागातसुद्धा. तिथे जी नवी टोकं उघडी पडतात, त्यांतल्या योग्य टोकांवर ग्लुकोअमायलेजला काम सुरू करता येतं.