आरमधले एनए आणि नल: खाना रिकामा की खानाच नाही?

आर या आकडेवारीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत डेटा चाळायला बसलं की एनए (NA) आणि नल (NULL) लवकरच भेटतात, आणि दोन्ही म्हणजे 'काही नाही' असं वाटतं. एनए म्हणजे खाना आहे, त्यातली व्हॅल्यू माहीत नाही. नल म्हणजे खानाच नाही. १, एनए, ३ असा व्हेक्टर, म्हणजे मूल्यांची रांग, करून लांबी विचारा, ३ येईल. एनएच्या जागी नल टाका, लांबी २.

आरसोबतच मिळणारा एअरक्वालिटी डेटासेट उघडा. न्यूयॉर्कच्या हवेच्या मे ते सप्टेंबर १९७३ मधल्या रोजच्या नोंदी, एकूण १५३ ओळी. कॉलमांचा गोषवारा देणारं समरी फंक्शन चालवलं की ओझोनच्या कॉलमखाली ३७ एनए दिसतात. त्या दिवसांचं तापमान आहे, वारा आहे, ओझोनचा आकडा तेवढा नाही. सरासरी काढायला गेलात तर उत्तरही एनए. पहिल्यांदा वैताग येतो, पण आरचं चुकत नाही: ३७ आकडे ठाऊक नसताना सगळ्यांची सरासरी सांगायची कशी? एनए.आरएम (na.rm), म्हणजे एनए वगळायचा पर्याय, ट्रू केला की उरलेल्या ११६ दिवसांची मिळते, साधारण ४२.१. एनए शोधायला मात्र दुहेरी बरोबरचं चिन्ह चालत नाही. अज्ञाताशी तुलना केली की उत्तर पुन्हा एनए. तिथे इज.एनए (is.na) हे फंक्शन लागतं.

आता नल. अख्ख्या कॉलमला एनए दिलं तर कॉलम राहतो, खाने रिकामे होतात. नल दिलं तर कॉलमच उडतो. इथवर ठीक. पण माझ्या मते नवशिक्याने नललाच जास्त बिचकून असावं, कारण तो न बोलावताही येतो. ओझोनच्या कॉलमचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे. कॉलम मागताना डॉलरच्या चिन्हापुढे ते स्मॉल लिहिलंत, तर साध्या डेटाफ्रेममध्ये (आरमधल्या तक्त्यात) एरर येत नाही. गुपचूप नल मिळतो. त्याची बेरीज करा: शून्य! एनए असता तर बेरीजही एनए आली असती आणि शंका तरी आली असती. सरासरी काढलीत तर निदान वॉर्निंग येते.

इफच्या ('जर'च्या) अटीत दोघंही अडतात, पण एरर वेगळी. एनए असेल तर 'मिसिंग व्हॅल्यू'ची तक्रार, नल असेल तर 'आर्ग्युमेंट इज ऑफ लेंग्थ झिरो'. ही दुसरी दिसली की आधी कॉलमांची नावं दाखवणारं नेम्स चालवून कॉलमचं स्पेलिंग पडताळा.