पब्लिक डोमेन व्हिडिओंवरील चुकीचे स्वयंचलित कॉपीराइट दावे

कॉपीराइटची मुदत संपलेल्या किंवा मुळातच कॉपीराइट नसलेल्या (म्हणजे पब्लिक डोमेनमधल्या, मुक्त) चित्रणावर वा संगीतावर व्हिडिओ मंचाच्या जुळणी यंत्रणेने तिसऱ्याच कोणाच्या नावे आपोआप लावलेला मालकीचा दावा. अशा यंत्रणांपैकी सर्वाधिक परिचित म्हणजे यूट्यूबची २००७ पासूनची कंटेंट आयडी. फेसबुकची राइट्स मॅनेजर त्याच जातीची.

यंत्रणा आणि चुकीचे मूळ

हक्कधारक आपल्या साहित्याची संदर्भ फाइल मंचाकडे देतो. तिच्या ध्वनीचा व चित्राचा डिजिटल ठसा काढून प्रत्येक नवा व्हिडिओ त्याच्याशी ताडला जातो. जुळणी झाली की फाइल देणाऱ्याने आधीच निवडलेली कारवाई होते: व्हिडिओ अडवणे, जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे वळवणे किंवा नुसती प्रेक्षकसंख्या पाहणे. यंत्रणेला फक्त सारखेपणा कळतो, मालकी कळत नाही. संदर्भ फाइलमध्ये पब्लिक डोमेन साहित्य नसावे असा यूट्यूबचा नियम आहे, पण ते वगळायचे काम फाइल देणाऱ्याच्या भरवशावर सोडलेले आहे. बहुतेक चुकीचे दावे याच फटीतून येतात.

नेहमीचे उदाहरण बातम्यांचे. अमेरिकी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीला तिथल्या कायद्याच्या कलम १०५ नुसार कॉपीराइट नसतो. नासाचे बरेचसे चित्रण त्यामुळे मुक्त असते. वृत्तवाहिनी ते बातमीपत्रात दाखवते आणि सगळे बातमीपत्र संदर्भ फाइल म्हणून देते. मग तेच चित्रण वापरणारा प्रत्येक जण दोषी ठरतो. ऑगस्ट २०१२ मध्ये क्युरिऑसिटी यान मंगळावर उतरल्यावर नासाच्याच चॅनलवरचा व्हिडिओ एका वृत्तसंस्थेच्या दाव्यामुळे काही काळ अडवला गेला होता.

दुसरा प्रकार संगीताचा. एखादा संगीतकार मुक्त ध्वनिफितीचा तुकडा आपल्या गाण्यात घेतो, वितरक ते गाणे कंटेंट आयडीत टाकतो आणि मूळ ध्वनिफीत वापरणाऱ्यांवर त्या गाण्याचे दावे येऊ लागतात. पाश्चात्त्य अभिजात संगीतात एकच रचना अनेकांनी जवळपास सारख्याच लयीत वाजवलेली असते. तिथे स्वतः वाजवलेला तुकडाही दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाशी जुळतो.

दावा खरा असण्याची शक्यता

हरकत घेण्याआधी रचना आणि ध्वनिमुद्रण वेगळे तपासावे. बेथोव्हनची रचना मुक्त असली तरी १९८५ चे वादन मुक्त नसते. अमेरिकेत १९२३ पूर्वी प्रकाशित ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी मुक्त झाली. १९२३ ते १९४६ मधल्यांना प्रकाशनापासून शंभर वर्षे संरक्षण आहे. मूकपटांत सर्वाधिक फसगत होते, कारण चित्र मुक्त आणि डीव्हीडीसाठी नव्याने जोडलेले पार्श्वसंगीत मात्र संरक्षित, अशी अनेक प्रतींची स्थिती असते. तेव्हा आवाज काढून टाकणेच शहाणपणाचे. शिवाय मुदती देशागणिक बदलतात; एका देशात मुक्त असलेली कृती दुसऱ्या देशात रास्तपणे अडवली जाऊ शकते.

हरकतीची पद्धत

यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळण्याच्या पानावर) व्हिडिओच्या निर्बंधांच्या रकान्यातून दाव्याचा तपशील उघडतो: दावेदार, कृतीचे नाव आणि जुळलेला भाग मिनिट-सेकंदांसह. आधी तेवढाच भाग ऐकून-पाहून घ्यावा. अनेकदा चित्रावर वाटलेला दावा मागच्या संगीतावर असतो. हरकतीचे कारण म्हणून पब्लिक डोमेन निवडून कृतीचे नाव, प्रकाशनाचे वर्ष व देश, प्रत जिथून घेतली त्या संग्रहाचा नोंद क्रमांक आणि कृती मुक्त असण्याचा कायदेशीर आधार चार-पाच वाक्यांत लिहावा. ‘इंटरनेटवर फुकट मिळाले’ किंवा ‘श्रेय दिले आहे’ ही कारणे निरुपयोगी. दावा चुकीचा असेल तर तो भाग कापू नये. कापल्याने दावा सुटतो, पण व्हिडिओ विनाकारण लंगडा होतो.

दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. तो गप्प बसला तर दावा आपोआप सुटतो. पैशाच्या दृष्टीने पहिले पाच दिवस मोलाचे: त्या मुदतीत हरकत घेतल्यास दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनचे उत्पन्न बाजूला राखले जाते, नंतर घेतल्यास हरकतीच्या दिवसापासूनचे.

निकाल देतो तो दावेदारच, आणि या रचनेतला खरा दोष तोच. त्याने हरकत फेटाळली तर अपील करता येते. त्यावर उत्तरासाठी दावेदाराला ७ दिवस असतात. व्हिडिओ पूर्ण अडवला असेल तर पहिली पायरी गाळून थेट अपिलाची सोय आहे. अपीलही अमान्य असल्यास दावेदाराला व्हिडिओ काढण्याची कायदेशीर मागणी करावी लागते. ती वैध ठरली तर व्हिडिओ हटतो आणि चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइटभंगाची नोंद, येतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल बंद होऊ शकते. या भीतीने अनेक जण बाजू खरी असूनही अपिलाआधीच थांबतात. स्ट्राइकवर प्रतिनोटीस, म्हणजे व्हिडिओ चुकीने हटवल्याचे कायदेशीर निवेदन, देता येते. तिच्यात खरे नाव, पत्ता आणि अमेरिकी न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राला संमती द्यावी लागते आणि ती दावेदाराकडे जाते. त्याने १० कामकाजी दिवसांत न्यायालयात खटला दाखल केल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ पूर्ववत होतो.

यूट्यूबच्या अहवालानुसार २०२१ च्या पहिल्या सहामाहीत ७२ कोटींहून अधिक कंटेंट आयडी दावे झाले. एक टक्क्याहूनही कमी दाव्यांवर हरकत आली, पण त्यांतल्या सुमारे ६० टक्क्यांचा निकाल व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूने लागला. हरकत न घेतलेले सगळे दावे बरोबर होते, असा अर्थ यातून काढता येत नाही.

दावा मागे घेतला म्हणून सदोष संदर्भ फाइल आपोआप निघत नाही. तेच चित्रण दुसऱ्या व्हिडिओत वापरले तर तोच दावा पुन्हा येऊ शकतो, आणि दुसऱ्या वाहिनीच्या फाइलमुळे त्याच व्हिडिओवरही. म्हणून मूळ प्रतीचा दुवा, संग्रहातील नोंदीचे छायाचित्र आणि हरकतीचा मजकूर जपून ठेवावा.